टाइप्ड ॲरेत रीडिंग नसलेल्या जागी शून्य येतं, केळीच्या बागेचा अलार्म खोटा वाजतो

कांदेबाग_रावेर:

राम राम मंडळी. आमची रावेरकडे केळी आहे, एका तुकड्यात कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) आणि बाजूला जूनमधली मृगबाग जी आता निसवायला (घड बाहेर टाकायला) लागलीय. ऑक्टोबरमध्ये बागेत ९ नोड (सेन्सरचे छोटे डबे) बसवले, ईएसपी३२ बोर्डावर, प्रत्येकात हवेचं तापमान, आर्द्रता आणि दोन खोलीवरची मातीची ओल, दर ५ मिनिटांनी एक रीडिंग. घरी एका जुन्या पीसीवर सर्व्हर आहे आणि नाना (वडील) मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ग्राफ बघतात. मोबाइल २ जीबी रॅमचा आहे आणि शेतात रेंज जेमतेम.

आधी सगळं साधं होतं, प्रत्येक रीडिंगचा एक ऑब्जेक्ट, सगळे मिळून एक ॲरे, जेसनमध्ये (मजकुराच्या रूपात) पाठवायचे. दिवसाला एका नोडचे २८८, ११० दिवसांत ३१,६८० आणि ९ नोडचे मिळून २,८५,१२० ऑब्जेक्ट झाले, जेसन फाइल १९ एमबीच्या आसपास गेली आणि नानांच्या मोबाइलवर पेज उघडायचंच बंद झालं. म्हणून जावास्क्रिप्टच्या टाइप्ड ॲरेवर गेलो, ज्यात सगळे आकडे एकाच ठरलेल्या प्रकारचे असतात. तापमानाला १०० ने गुणून इंट१६ॲरेत (२ बाइटचे पूर्णांक), आर्द्रता आणि ओल युइंट८ॲरेत (१ बाइटचे पूर्णांक), वेळ फ्लोट३२ॲरेत (४ बाइटचे दशांश आकडे). पेज लगेच उघडायला लागलं, पण आता तीन गोष्टी अडल्यात.

पहिली आणि सगळ्यात मोठी. मागच्या आठवड्यात रात्री दोनला अलार्म वाजला, नोड ४ वर ०.० अंश. नाना आणि दोन गडी वाळलेला पाला ट्रॉलीत भरून धूर करायला निघाले, बागेत जाऊन हातातल्या थर्मामीटरवर बघतात तर १४. नोड ४ ची बॅटरी उतरली होती, बाकी काही नाही. नाना मला काही बोलले नाहीत पण मोबाइलचा आवाज बंद करून झोपायला लागले. आणि तीनच दिवसांनी खरोखर पारा ८.६ वर आला, अलार्म वाजला आणि कोणी ऐकला नाही. सकाळी निसवणाऱ्या झाडांचे पोंगे (गुंडाळलेली कोवळी पानं) बघून माझा जीव खालीवर झाला. ज्यांची केळी आहे त्यांना माहीत आहे, पारा १० च्या खाली गेला की वाढ थांबते आणि घड खोडातच अडकतो. सर्व्हरवरून त्या जागी नल (रिकामी किंमत) येतंय हे मी पाहिलं, मग ॲरेत शून्य कुठून आलं?

दुसरं, ग्राफसाठी मॅप करून (ॲरेतला एकेक आकडा घेऊन) १०० ने भागतो तर सगळे पूर्ण आकडे येतात, १४.२५ चे १४. रेषा जिन्यासारखी दिसते.

तिसरं, रीडिंग बरोबर ५ मिनिटांनी येतं पण ॲरेतून वेळ काढली की दोन रीडिंगमधलं अंतर कधी ४ मिनिटं २२ सेकंद तर कधी ६ मिनिटं ३३ सेकंद. नोडचं घड्याळ बिघडलंय का? कोणी सांगेल का, थंडी अजून गेलेली नाही.

तापीकाठ:

भाऊ तुमच्या नोडचं घड्याळ एकदम ठीक आहे, तिथे हात लावू नका. तिसऱ्यापासून सुरू करतो कारण ते तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच ओळखू आलं. फ्लोट३२ मध्ये आकड्याला फक्त २४ बिट मिळतात, म्हणजे साधारण ७ अंकांपर्यंत भरवसा. डेट.नाउ देतं ते मिलिसेकंद, १३ अंकी आकडा. त्या आकाराचा आकडा फ्लोट३२ मध्ये टाकला की तो १,३१,०७२ च्या पटीत जाऊन बसतो, म्हणजे २ मिनिटं ११ सेकंदांच्या पायऱ्या. दोन पायऱ्या म्हणजे ४ मिनिटं २२ सेकंद, तीन पायऱ्या म्हणजे ६ मिनिटं ३३ सेकंद. तुमचे तेच आकडे आहेत. सेकंदात ठेवलं तरी फ्लोट३२ मध्ये १२८ सेकंदांची पायरी पडेल, तेव्हा तो प्रकारच वेळेसाठी नको. युइंट३२ॲरेत सेकंद ठेवा, २१०६ सालापर्यंत पुरतात. इंट३२ घेऊ नका, ते २०३८ ला संपतं.

दुसरं, मॅप. टाइप्ड ॲरेवर मॅप केलं की जो प्रकार आहे त्याच प्रकारचा नवा ॲरे मिळतो. इंट१६ॲरेवर मॅप केलं तर निकालही इंट१६ॲरे, १४.२५ त्यात बसत नाही म्हणून पॉइंटच्या पुढचं कापून १४. गोल नाही करत हं, कापतं. १४.९९ चे पण १४ च. उपाय सोपा, ॲरे.फ्रॉम(टेम्प, व्ही => व्ही / १००) किंवा फ्लोट३२ॲरे.फ्रॉम तसंच.

हे कापणं आत टाकतानाही लागू आहे आणि तिथे कोणाच्या लक्षात येत नाही. १९.९९ ला १०० ने गुणून बघा, जावास्क्रिप्ट १९९९ देत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ देतं. ते इंट१६ॲरेत टाकलं की १९९८. म्हणून गुणल्यावर मॅथ.राउंड करूनच आत टाका, नेहमी.

आता पहिलं. नल गुणिले १०० म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये शून्य. अनडिफाइन्ड (न दिलेली किंमत) गुणिले १०० म्हणजे नॅन ("हा आकडाच नाही"), आणि नॅन कुठल्याही पूर्णांकाच्या टाइप्ड ॲरेत टाकला की तोही शून्य होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. वरून ज्या जागी तुम्ही अजून काहीच लिहिलं नाही तिथेही शून्यच असतं, कारण ॲरेबफर (ॲरेमागची मेमरी) तयार होतानाच सगळे बाइट शून्य करून मिळतात. म्हणजे बॅटरी उतरली, नोडने पाठवलेलं डेटाचं पाकीट वाटेत हरवलं, अजून वेळच आली नाही आणि बाहेर खरंच शून्य अंश आहे, चौघांचा चेहरा एकच. इंट१६ ला -३२७६८ ते ३२७६७ मिळतात, रावेरला -३२७.६८ अंश कधी होणार नाही, तेव्हा -३२७६८ म्हणजे "रीडिंग नाही" असं ठरवा. ॲरे बनवल्या बनवल्या टेम्प.फिल(-३२७६८) करा आणि नल आलं तर तिथे काही लिहूच नका. आर्द्रता आणि ओल ० ते १०० असते, तिथे २५५.

जुना_बॅकएंड:

एवढं सगळं करायची गरज आहे का खरंच? पावणेतीन लाख रीडिंग म्हणजे काही नाही. सर्व्हरवर एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) टाका, तिथे नल हा नलच राहतो, ग्राफला मोबाइलवर तासाची सरासरी पाठवा, ११० दिवसांचे एका नोडचे २,६४० बिंदू होतात, साधा ॲरे सुद्धा पळेल. आणि अलार्म मोबाइलच्या ब्राउझरवर अवलंबून कशाला ठेवता, तो सर्व्हरवर हवा, पेज बंद असलं तर वाजणारच नाही.

सातपुडा_वेब:

@जुना_बॅकएंड अलार्म सर्व्हरवर हवा हे शंभर टक्के मान्य. पण सरासरीचं नाही पटलं. थंडीत तासाची सरासरी म्हणजे नेमकं जे बघायचं तेच झाकून टाकणं, पहाटे चार ते सहामध्ये पारा पाऊण तास १० च्या खाली जाऊन परत वर येतो आणि सरासरी ११ दाखवते. सरासरी नको, तासाचा सगळ्यात कमी आकडा पाठवायचा. आणि रेंज नसलेल्या शेतात पूर्ण डेटा मोबाइलवर असणं ही चैन नाही, गरज आहे, आमच्याकडे चोपड्याला पण तेच.

@कांदेबाग_रावेर दादा, तापीकाठ दादांचं -३२७६८ बरोबर आहे पण दुसरा रस्ता पण ऐका, मी तापमान फ्लोट३२ॲरेतच ठेवते. तिथे नॅन टाकला की नॅनच राहतो. जागा दुप्पट लागते, तुमच्या २,८५,१२० आकड्यांना ५.७ लाख बाइटऐवजी ११.४ लाख, म्हणजे अर्ध्या एमबीचा फरक, त्याने नानांचा मोबाइल अडत नाही. १०० ने गुणा भागा काही नाही, राउंडची भानगड नाही. फक्त १४.१ टाकलेलं बाहेर काढताना १४.१०००००३८१ असं दिसतं, तेव्हा दाखवताना टूफिक्स्ड करायचं (पॉइंटच्या पुढचे अंक ठरवून द्यायचे). ते नवीन फ्लोट१६ॲरे आलंय २०२५ च्या स्टँडर्डमध्ये पण जुन्या मोबाइलच्या ब्राउझरला ते कळणार नाही, त्याच्या नादी लागू नका.

तापीकाठ:

ताई फ्लोट३२ ला माझा विरोध नाही, पण अलार्मच्या बाबतीत दोन्हीकडे खड्डा आहे आणि तो नीट बघायला पाहिजे, कारण इथे प्रश्न जागेचा कमी आणि नानांच्या झोपेचा जास्त आहे. समजा अट लिहिली "तापमान १० पेक्षा कमी असेल तर वाजव". -३२७६८ वाला रस्ता घेतला आणि एका ठिकाणी तपासायचं राहिलं तर -३२७६८ हा १००० पेक्षा कमीच आहे, अलार्म वाजणार, म्हणजे परत रात्री दोनची ट्रॉली. नॅनवाला रस्ता घेतला तर नॅन < १० हे खोटं निघतं, अलार्म वाजणार नाही, आणि नोड आठ दिवस मेलेला असला तरी कोणाला कळणार नाही, ग्राफमध्ये नुसती रेषा तुटलेली. पहिला विनाकारण उठवतो, दुसरा गरजेला उठवत नाही. मॅथ.मिन ला पण नॅन दिला की सगळ्या रात्रीचं उत्तर नॅन.

म्हणून "थंडी पडली" आणि "नोड बोलत नाही" हे दोन वेगळे अलार्म करा, वेगळ्या आवाजाचे. नोड बोलत नसेल तर त्यासाठी रात्री कोणाला उठवायचं नाही, सकाळी चहाच्या वेळी मेसेज. आणि थंडीचा अलार्म एका रीडिंगवर वाजवू नका, सलग तीन खरी रीडिंग १० च्या खाली आली की मगच. १० मिनिटं उशीर होईल, पण पाला पेटवायला तेवढा वेळ मिळतोच.

धुळे_फर्मवेअर:

मी बोर्डाकडचा माणूस, जावास्क्रिप्ट कामापुरतं. भो एक विचारतो, तापमानाला तो स्टीलच्या टोकाचा प्रोब आहे का, ज्याच्यात डीएस१८बी२० असतो? तसं असेल तर अजून दोन खोटे आकडे येतील ते आताच धरून ठेव. त्याला करंट मिळाल्याबरोबर, पहिलं मोजमाप व्हायच्या आत वाचलं तर तो ८५ अंश सांगतो, आणि वायर सुटली असेल तर नेहमीची लायब्ररी -१२७ देते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय काय दिसतं ते खरं पण बागेतल्या हवेत ८५ नाही होत. हे दोन्ही "रीडिंग नाही" मध्येच टाक. -१२७ तसंच आत गेलं तर तुझा थंडीचा अलार्म नक्की वाजणार.

आणि त्या सेन्सरचं कच्चं रीडिंगच १६ बिटचं साइन्ड असतं, अंशाचा १६ वा भाग, ०.०६२५ ची पायरी. ८५ म्हणजे कच्चं १३६०. मी तर तेच कच्चं इंट१६ॲरेत ठेवतो आणि दाखवताना १६ ने भागतो, १०० ने गुणायचं नाही की राउंड करायचं नाही, सेन्सर जे बोलला तेच साठवलं. डीएचटी२२ असेल तर तो अंशाचा दहावा भाग देतो, तिथे १० ने.

मग पुढची पायरी, जेसन सोडून थेट बाइट पाठव. तिथे माझा एक पूर्ण रविवार गेला होता तो तुझा वाचावा म्हणून सांगतो. मी पाकीट बनवलं, १ बाइट नोड नंबर, ४ बाइट वेळ, २ बाइट तापमान, मग एक एक बाइट बाकीचं. इकडे ब्राउझरमध्ये युइंट३२ॲरे लावला ऑफसेट १ पासून तर रेंजएरर, कारण ४ बाइटचा ॲरे ४ च्या पटीतल्या जागेपासूनच सुरू होतो, २ बाइटचा २ च्या. म्हटलं डेटाव्ह्यू वापरू, तो त्याच मेमरीतले बाइट कुठूनही वाचतो, त्याला जागेचं बंधन नाही. तापमान आलं -२८४.११ अंश! ईएसपी३२ लिटल एंडियन आहे, धाकटा बाइट आधी पाठवतो, आणि डेटाव्ह्यूला काही सांगितलं नाही तर तो थोरला बाइट आधी धरतो. तेव्हा मी १०० ने गुणूनच पाठवायचो, १४.२५ म्हणजे १४२५, त्याचे दोन बाइट उलटे वाचले की -२८४११. गेटइंट१६(५, ट्रू), ते शेवटचं ट्रू विसरू नको, प्रत्येक वेळी लागतं. टाइप्ड ॲरे मात्र ज्या मशीनवर चालतात त्याच्याच क्रमाने वाचतात, मोबाइल आणि पीसी दोन्ही आजकाल लिटल एंडियन म्हणून तिथे चालून जातं.

सर्व्हर नोडजेएस वर (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) असेल तर बफर.बफर पण जपून. छोटे बफर एका ८ केबीच्या मोठ्या तुकड्यातून कापून मिळतात, त्यामुळे न्यू इंट१६ॲरे(बफ.बफर) केलं तर तुझ्या पाकिटाच्या आजूबाजूचा भलताच डेटा पण हातात येतो. बाइटऑफसेट आणि लांबी सोबत द्यायची, किंवा सरळ बफ.रीडइंट१६एलई वापरायचं, मी तेच करतो.

कांदेबाग_रावेर:

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस यावरच बसलो होतो. धुळे_फर्मवेअर भाऊ, प्रोब तोच आहे, स्टीलच्या टोकाचा. जुना डेटा चाळला तर नोड ७ मध्ये ८५ चे ११ आकडे सापडले, सगळे थ्री फेज लाईट गेली-आली त्या वेळचे, तो एकच नोड मोटारीच्या पेटीतून घेतलेल्या लायनीवर आहे, बॅटरीवर नाही. मी त्याला ऊन समजून सोडून दिलं होतं.

तापमान इंट१६ॲरेतच ठेवलं, कच्चं, -३२७६८ ने आधी भरून. ताई, फ्लोट३२ चा विचार केला पण मला नॅन गप्प बसतो त्याची जास्त भीती वाटली, -३२७६८ कुठे निसटला तर ग्राफमध्ये रेषा पार खाली जाऊन आपोआप दिसते.

एक अडचण राहिली. युइंट३२ॲरेत वेळ ठेवली पण पाकीट हरवलं की ती जागा भरतच नाही, पुढचं रीडिंग मागे सरकतं. आणि टाइप्ड ॲरेला पुश (शेवटी नवा आकडा जोडायची सोय) नाही, मोठा कसा करायचा?

सातपुडा_वेब:

दादा वेळ ठेवूच नका. तुमचं रीडिंग दर ३०० सेकंदांनी आहे ना, मग जागेचा नंबर हीच वेळ. महिन्याच्या सुरुवातीची वेळ एकदा लिहून ठेवा आणि जागा = मॅथ.राउंड((वेळ - सुरुवात) / ३००). नोड दहा-वीस सेकंद पुढेमागे झाला तरी राउंडमुळे योग्य खणात पडतं आणि हरवलेलं पाकीट म्हणजे त्या खणात -३२७६८ तसाच राहिलेला, काही सरकत नाही. अडीच लाखांवर वेळा साठवायच्या वाचल्या ते वेगळंच.

मोठा करायचाच नाही, महिन्याला एक नवा घ्या. ३१ दिवसांचे ८,९२८ खण, ३० दिवसांच्या महिन्यात शेवटचे रिकामे राहिले तर राहू द्या. ॲरेच्या बाहेरच्या जागेवर लिहिलं तर एरर येत नाही, आकडा गुपचूप हरवतो, म्हणून लिहिण्याआधी जागा ० पेक्षा कमी किंवा लांबीएवढी वा जास्त तर नाही ना ते बघा. मोबाइलवर इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधला डेटाबेस) ठेवा, तिथे टाइप्ड ॲरे जसाच्या तसा जातो. लोकलस्टोरेजमध्ये फक्त स्ट्रिंग जाते, आणि टाइप्ड ॲरेला जेसन.स्ट्रिंगिफाय केलं तर प्रत्येक आकड्यासोबत त्याचा नंबरही लिहिला जातो, फाइल परत फुगेल.

कालच्या रात्रीचाच तुकडा हवा असेल तर सबॲरे घ्या, तो कॉपी करत नाही, त्याच मेमरीकडे बघतो. पण त्यात काही बदललं तर मूळ पण बदलतं! हिशोबासाठी हात लावायचा असेल तर स्लाइस, तो वेगळी कॉपी देतो.

तापीकाठ:

त्यात एक भर. सलग तीनऐवजी शेवटच्या पाच रीडिंगमधलं मधलं घ्यायचं असेल तर सॉर्ट टाइप्ड ॲरेवरच करा. साधा ॲरे सॉर्ट करताना आकड्यांना अक्षरं समजतो. १०० ने गुणलेलं असताना १०२० हे ९८० च्या आधी येतं, म्हणजे नेमकं १० अंशांपाशी घोळ. तुमच्या कच्च्या आकड्यांत १० अंश म्हणजे १६०, तिथे हीच गत १०० च्या वर-खाली, म्हणजे सव्वासहा अंशांपाशी. आणि आपली सगळी लढाई थंडीच्या याच आकड्यांची आहे. टाइप्ड ॲरेचा सॉर्ट आकड्यांसारखाच लागतो. पण त्याच्या आधी स्लाइस करा, नाहीतर मूळ रीडिंगचाच क्रम बदलेल, आणि -३२७६८ वगळून मगच मधलं काढा.

जुना_बॅकएंड:

तासाच्या किमान आकड्याबद्दल ताई बरोबर आहेत, माझं सरासरीचं चुकलं. अलार्म सर्व्हरवर नेला का ते मात्र सांगा.

कांदेबाग_रावेर:

नेला दादा, परवाच. आता सर्व्हर सलग तीन खरी रीडिंग बघतो आणि थेट फोन लावतो, मेसेज नाही. नोड गप्प असेल तर सकाळी ७ ला एकच मेसेज. ९ नोडचा जानेवारीचा पूर्ण डेटा, तापमान २ बाइट आणि बाकी तीन एकेक बाइट, ८,९२८ गुणिले ५ गुणिले ९ म्हणजे ४ लाख १ हजार ७६० बाइट झाला, ४०० केबीच्या आसपास, बांधावर उभं राहून पण उघडतो.

काल पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी फोन वाजला. नोड २ आणि ५, दोन्ही नाल्याकडच्या खोलगट भागातले, ९.६, ९.४, ९.३. नोड ४ ची बॅटरी परत उतरली होती, त्याचा खण रिकामा, आणि त्याच्यामुळे काही वाजलं नाही. मी नानांना उठवायला गेलो तर ते आधीच फेटा बांधत होते, आवाज परत चालू केला होता त्यांनी, मला सांगितलं नव्हतं. ड्रीप सोडली, नाल्याच्या बाजूने सहा ठिकाणी धूर केला. साडेपाचला ग्राफमध्ये नोड ५ वर १०.४ दिसलं. थर्मामीटर हातात धरून नाना त्याच नोडपाशी उभे होते, बघितलं आणि म्हणाले, जुळतंय.

नोड ४ ला आज सोलरची मोठी पट्टी लावतोय.